पहिले पान बिनचूक

पहिले पान नेहमी बरोबर यायचे. दुसरेही. तिसऱ्या पानापर्यंत मावशीचे बोट कुठे अडखळत नसे. चौथ्यावर ते एका जागी थांबायचे, थोडे मागे सरकायचे, पुन्हा त्याच जागी यायचे आणि मावशी म्हणायची, "लावलं परत लग्न."

म्हणजे असे, की एका समीकरणाची डावी बाजू कागदावर उमटलेली असायची आणि तिला जोडून कितीतरी ओळी पुढच्या भलत्याच समीकरणाची उजवी बाजू. मधला मजकूर नाहीसा. तिथून धडा संपेपर्यंत हेच. बारा पानांचा धडा सहा पानांत आटोपायचा. गोष्टीच्या पुस्तकात एखादे वाक्य गळाले तर वाचणारा अंदाजाने भरून घेतो. हे गणिताचे पुस्तक होते, आणि तुकडे असे बेमालूम जोडले जात होते की नवख्या वाचकाला ते खरेच वाटले असते.

मावशी नवखी नव्हती. अंधांसाठी पुस्तके छापणाऱ्या एका लहानशा संस्थेत ती मुद्रितशोधक होती. दृष्टी लहानपणीच गेलेली. तेव्हापासून ती बोटांनी वाचत आली होती. संस्थेच्या लांबट खोलीत खिडकीकडच्या टोकाला तिचे टेबल होते. मधल्या भागात सहा बायका हाताच्या ब्रेल टाइपरायटरवर एकेक प्रत काढत बसत. दाराकडच्या टोकाला कॉम्प्युटर, त्याच्या शेजारी मोडेम आणि त्याच्यापलीकडे नवा ब्रेल प्रिंटर. जाड कागदावर तो असा कडकडाट करत ठिपके ठोकायचा की बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचे नाव 'सुतारपक्षी' ठेवले. तो आल्याला महिना झाला होता आणि त्याने अजून एकही मोठा धडा पुरा ठोकला नव्हता.

पुस्तक मावशीच्या भाचीसाठी होते. तिला घरात ठिपकी म्हणत. अक्षरओळख होण्याच्या वयात तिने मावशीच्या मांडीवर बसून ब्रेलचे सहा ठिपके इतक्या लवकर पाठ केले की हे नाव पडले आणि ती सोळा वर्षांची झाली तरी टिकले. ठिपकीलाही जन्मापासून दिसत नव्हते. तिला गणित घ्यायचे होते, आणि त्या गणिताचे पुस्तक ब्रेलमध्ये कुठेच नव्हते.

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तिला आईवडिलांसह बोलावून घेतले होते. बाई मोजके बोलणाऱ्या.

"पुस्तक आहे?" त्यांनी विचारले.

"छापतोय," ठिपकीचे वडील म्हणाले.

"छापताय ते ठीक. शाळा उघडेल त्या दिवशी पूर्ण पुस्तक घेऊन या. मी कुठलंही पान उघडेन. तिनं ते वाचलं आणि सोडवलं, तर गणित तिचं. नाहीतर भाषा आणि इतिहास घेऊ दे. त्यात काही कमीपणा नाही."

"पुस्तकाचं एवढं का धरून बसलात, बाई?" आईने विचारले. "ती ऐकून शिकेल. आजवर तशीच शिकली."

"एक मुलगा होता माझ्याकडे. हिच्यासारखाच. हुशार. पुस्तकाविना वर्गात नुसता ऐकत बसायचा. पहिल्या चाचणीपर्यंत तग धरला, मग यायचाच बंद झाला. प्रवेश मी दिला होता. तसं मला पुन्हा करायचं नाही."

बाहेर आल्यावर आई चिडली होती. ठिपकी म्हणाली, "असू दे गं. कडक आहेत, पण गुळमुळीत नाहीत. काय आणायचं ते सांगितलं ना? आणू."

मग घर कामाला लागले. आई सकाळी घरातली कामे उरकून गणिताचे छापील पुस्तक पुढ्यात घ्यायची आणि घरच्या कॉम्प्युटरवर एकेक धडा ब्रेलच्या खुणांत टाइप करायची. ते ती याच पुस्तकासाठी शिकली होती. वडील कार्यालयांतले कॉम्प्युटर बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम करत. त्यांनी घरच्या टेलिफोनला एक मोडेम जोडला होता. संस्थेत दुसरा होताच. धडा तयार झाला की आई फोन लावायची, मोडेम चिरकायचे, आणि धडा टेलिफोनच्या तारेतून संस्थेच्या कॉम्प्युटरात उतरायचा. तिथून सुतारपक्ष्याकडे. तिथून मावशीच्या बोटांखाली.

आणि तिथे चौथ्या पानावर लग्न लागायचे.

पहिला संशय अर्थातच मशीनवर गेला. कंपनीचा माणूस आला. मशीनच्या पोटातच साठवलेला एक नमुना असतो, तो त्याने बटण दाबून ठोकवला. पानांमागून पाने. मावशीने ती सगळी तपासली आणि नाइलाजाने मान डोलावली.

"मशीन निर्दोष आहे," तो माणूस बॅग बंद करत म्हणाला. "तुमचा मजकूर बघा."

दुसरा संशय वडिलांनी आपल्या केबलवर घेतला आणि आपणच फेटाळला. मशीनबरोबर केबल आली नव्हती. संस्थेच्या जुन्या मोडेमसाठी त्यांनी स्वतः तारांना डाग देऊन एक केबल बनवली होती. नवा मोडेम आला तेव्हा त्याच्या खोक्यात त्याची स्वतःची केबल निघाली, म्हणून जुनी मोकळी झाली होती. तिचे टोक मशीनला बसत होते. तीच लावली.

"जुन्या मोडेमवर ही वर्षानुवर्षं चालली," ते म्हणाले. "एक अक्षर गळलं नाही. बघा हवं तर." त्यांनी कॉम्प्युटरवरून एक पान पाठवले. ते बिनचूक आले. त्यांनी पुन्हा पाठवले. पुन्हा बिनचूक. "झालं?"

तिसरा संशय टेलिफोनवर. पण मोडेम आलेला मजकूर तपासून घेतो. वाटेत काही बिघडले तर तेवढा तुकडा पुन्हा मागवतो. घरची फाईल आणि संस्थेतली फाईल वडिलांनी ताडून पाहिली. दोन्ही अक्षरशः एक होत्या.

राहिली ती टाइप करणारी. जेवताना वडिलांनी विषय काढला, आणि काढायला नको होता.

"अगं, मी काय म्हणतो, सलग टाइप करून माणूस दमतो. एखाद्या वेळी एखादी ओळ…"

"काय एखादी ओळ?"

"नजरेतून सुटते. कुणाच्याही."

"सहा पानं गेलीत धड्यातली. सहा! ती मी खाल्ली, वर ढेकर दिला, आणि मला कळलं नाही?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणताय? स्क्रीनवर धडा पूर्ण आहे. या इकडे, वाचून दाखवते. कंस सुरू, य वजा…"

"जेवू दे त्यांना," ठिपकी म्हणाली.

"जेवू दे! मी एखादं पान वाढायला विसरले तर चालेल ना? सुटतं नजरेतून."

पुढचे दोन दिवस घरात फक्त कामापुरते बोलणे झाले. संस्थेचे व्यवस्थापक भले गृहस्थ होते, पण सावध. त्यांनी कॅलेंडर पाहिले. शाळा उघडायला एक आठवडा उरला होता.

"मशीन सोमवारी परत पाठवतो," ते मावशीला म्हणाले. "या सहाजणींना हातानं टाइप करायला बसवू. होईल तेवढं होईल."

"होईल तेवढं म्हणजे किती?"

"ब्रेलचे दोन खंड. फार तर तीन."

"त्या बाई पुस्तकाचं कुठलंही पान उघडणार आहेत, साहेब. तिसऱ्या खंडापर्यंतच उघडा म्हणून सांगायचं का त्यांना?"

व्यवस्थापक आपल्या खोलीत निघून गेले. ते सोमवारची वाट पाहू लागले.

शनिवारी दुपारी बायका घरी गेल्या आणि चौघे त्या लांबट खोलीत जमले. आई आली होती ती भांडायच्या तयारीने, छापील पुस्तक काखेत मारून. वडील मशीनपाशी उकिडवे बसले होते. ठिपकी मावशीच्या टेबलाशी रद्द झालेल्या धड्यांच्या गठ्ठ्यावर दोन्ही हात फिरवत होती. इतके दिवस हे खराब कागद मावशी तिच्यापर्यंत येऊ देत नसे; चुकीचे डोक्यात बसेल म्हणून. आज तिने हट्टाने मागून घेतले होते.

"मावशी," ती म्हणाली, "प्रत्येक धड्याची पहिली तीन पानं बरोबर आहेत."

"ते मला माहीत आहे."

"सगळ्या धड्यांची. सोप्या धड्याची पण तीनच, अवघड धड्याची पण तीनच. आणि हा छोटा धडा आहे ना, तीन पानांचा, हा पूर्ण बरोबर आहे."

"म्हणजे मी दर धड्यात मोजून तीन पानांनी दमते," आई म्हणाली. "घड्याळ लावल्यासारखी."

वडिलांनी मान वर केली.

"आई, या धड्याचं चौथं पान कापून वेगळं पाठवता येईल? नुसतं तेवढंच?"

आईने कॉम्प्युटरवर तेवढाच मजकूर वेगळा केला आणि पाठवला. सुतारपक्षी कडाडला. पान बाहेर आले. मावशीने ते ओढून घेतले आणि दोन्ही हातांनी वाचत खाली गेली. आधी चार वेळा मोडलेले तेच पान. आता एकूणएक कंस जागेवर.

आईने हाताची घडी घातली. "अहो."

"हं."

"बोला आता."

"चुकलं माझं."

"मावशीला ऐकू नाही आलं."

"आलं गं, आलं," मावशी म्हणाली. "पण मोठ्यानं म्हणाले तरी चालेल."

"चुकलं माझं!" वडील ओरडले, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा चौघे एकदम हसले.

हसू ओसरल्यावर मावशी म्हणाली, "दाजी, पूर्ण धडा परत एकदा सोडा. बारा पानांचा. मला काहीतरी ऐकायचंय."

कॉम्प्युटरचे पाठवून झाले की तो टिंग असा आवाज करायचा. दृष्टी नसलेल्या माणसांना कळावे म्हणून वडिलांनीच ती सोय केली होती. मशीन टिंगनंतरही ठोकत राहते हे मावशीला पहिल्या दिवसापासून माहीत होते. यंत्राची रीत असेल म्हणून तिने ते सोडून दिले होते. आता ती मशीनला कान लावून उभी राहिली. पान बदलताना कागद सरकण्याचा वेगळा आवाज येतो. ती बोटांवर पाने मोजू लागली.

तिसरे पान संपता संपता टिंग झाले.

"झालं याचं पाठवून?" तिने विचारले. "बाराच्या बारा पानं?"

"झालं," वडील म्हणाले.

मशीन ठोकत राहिले. एक पान. दोन. तीन. मग गप्प.

"दाजी, हिशोब सांगते, चुकला तर सांगा. टिंग झालं तोवर मशीननं तीन पानं ठोकली होती. टिंगनंतर तीन. तीन आणि तीन सहा. कॉम्प्युटर म्हणतो मी बारा दिली. मधली सहा कुठं गेली?"

वडील मशीनकडे पाहत राहिले. "टिंगनंतरची तीन… ती याच्या पोटात असणार. आलेला मजकूर हे आधी पोटात घेतं, मग सावकाश ठोकतं. तीन पानं मावत असतील."

"आणि पोट भरल्यावर?"

"भरल्यावर जे येईल ते सांडणार. थोडी जागा झाली की पुढचा तुकडा आत. परत सांडणार."

"म्हणजे माझी पानं सांडली," आई म्हणाली. "मी नाही खाल्ली."

"पण मग हे नको म्हणत नाही का?" ठिपकीने विचारले. "पोट भरलं, थांब, असं?"

"म्हणतं की. त्यासाठी वेगळी तार असते केबलमध्ये. पोट भरत आलं की मशीन त्या तारेवरून…" वडील थांबले. "असते," ते हळू आवाजात म्हणाले. "तार असते."

त्यांनी पेचकस उचलला, केबलचे कॉम्प्युटरकडचे टोक काढले आणि त्याचे झाकण उघडले. आत, दोन बारीक खिळ्यांना, म्हणजे पिनांना, जोडून नखाएवढा तारेचा तुकडा होता. डाग नीट, गोल, चकचकीत. त्यांच्याच हातचा.

ते जमिनीवरच बसले.

"सांगा तरी," आई म्हणाली.

"कॉम्प्युटर मजकूर पाठवण्याआधी एका तारेवर विचारतो, पाठवू का? समोरचा दुसऱ्या तारेवर सांगतो, पाठव किंवा थांब. जुना मोडेम त्या तारेवर काही बोलायचाच नाही. उत्तर नाही म्हणून कॉम्प्युटर अडून बसायचा. तेव्हा मी युक्ती केली. त्याच्या प्रश्नाची तारच त्याच्या उत्तराच्या खिळ्याला जोडली."

"म्हणजे तोच विचारतो, पाठवू का," ठिपकी म्हणाली, "आणि तोच स्वतःला म्हणतो, पाठव?"

"हो."

"तुमच्यावरच गेलाय," आई म्हणाली. "बाजारात जाऊन येऊ का, असं विचारता तोवर चपला पायात असतात."

"पण दाजी, जुन्या मोडेमवर मग कसं निभावलं?"

"तो पोटात काही ठेवतच नव्हता. कॉम्प्युटरचा आणि त्याचा वेग एकच, तोही कासवाचा. आलं की फोनवर ढकललं, आलं की ढकललं. थांब म्हणायची वेळच आली नाही कधी. नवा मोडेम तसा नाही. फोनची लाईन बिघडली की तो हळू होतो, कॉम्प्युटरला सांगतो थांब. लाईन सुधारली की सांगतो चल. त्याच्या केबलमध्ये ती तार आहे, म्हणून ताईचे धडे… हिचे धडे इथवर शाबूत आले." मेहुणीच्या तोंडचे 'ताई' त्यांच्या तोंडी आल्याचे कुणी मनावर घेतले नाही. "आणि ही केबल मी उचलून इकडे लावली. मी एक पान पाठवून तपासत होतो. एक पान पोटात आरामात मावतं. कंपनीवाल्याचा नमुना तर मशीनच्या आतलाच, केबलमधून आलाच नाही."

"एक घास कुणालाही गिळता येतो, दाजी," मावशी म्हणाली. "परीक्षा पोटभर जेवणाची घ्यायची असते."

"आता काय? तीन-तीन पानं भरवत बसायचं याला?" आईने विचारले.

"भरवायचं कशाला?" मावशी म्हणाली. "याचं तोंड आहे, याला बोलू दे."

वडिलांनी तो तुकडा उपटून काढला. डाग द्यायची सळई तापली, खोलीत वितळत्या धातूचा वास पसरला. मशीनकडच्या टोकापासून कॉम्प्युटरकडच्या टोकापर्यंत एक नवी तार ओढायची होती. खिळे बारीक, दाटीने बसवलेले. वडिलांचा चष्मा घसरत होता. "कितवा?" ठिपकीने विचारले. त्यांनी आकडा सांगितला. तिने नखाने खिळे मोजत नेमका तो दाबून धरला. "हा. इथं लावा, माझं बोट सोडून."

केबल जोडली. धडा सोडला. आणि काहीच झाले नाही. सुतारपक्षी गप्प, कॉम्प्युटर गप्प.

"थांबायला शिकला," मावशी म्हणाली. "चालायचं विसरला."

वडिलांनी मशीनची माहितीपुस्तिका काढली आणि उभ्या उभ्या चाळली. मग कपाळावर हात मारला. मोडेमची थांब-चल सांगायची तार ज्या खिळ्यावर असते, तिथेच त्यांनी सवयीने जोड दिला होता. हे मशीन तीच गोष्ट दुसऱ्या खिळ्यावरून सांगत होते. पुन्हा सळई, पुन्हा ठिपकीचे नख, पुन्हा झाकण.

"सोडतो," ते म्हणाले.

सुतारपक्षी कडाडला. आई स्क्रीनसमोर बसून वाचत होती. "चाललाय. चाललाय… थांबला!"

मशीन ठोकत होते.

"परत चालला. थांबला. चालला. अहो, थांबतोय तो! खरंच थांबतोय!"

मावशीचे बोटांवर मोजणे चालू होते. तिसरे पान गेले, टिंग झाले नाही. पाचवे. सातवे. ठिपकीने तिचा दंड पकडला होता. नववे पान सरकले तेव्हा टिंग झाले.

"नऊ," मावशी म्हणाली. "आणि आता पोटातली."

दहा. अकरा.

"बारा!" चौघे एकदम ओरडले, आणि शेजारच्या खोलीतून व्यवस्थापक काय पडले ते पाहायला धावत आले.

मावशीने त्यांना हातानेच गप्प केले. बाराही पाने घेऊन ती खिडकीशी बसली. डावा हात ओळ शोधत पुढे, उजवा हात वाचत मागे. चौथे पान. पाचवे. तिच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हते. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीवर तिने बोट टेकवले आणि तिथेच ठेवले.

"एकही चुकीचं लग्न नाही," ती म्हणाली. "सगळे आपापल्या घरी."

व्यवस्थापकांनी सोमवारी मशीन परत पाठवले नाही. सोमवारी ते स्वतः कागदाचे गठ्ठे वाहत होते. सहाजणींनी आपले टाइपरायटर बाजूला सारले आणि पाने फाडायला, लावायला, शिवायला घेतली. सुतारपक्षी सकाळी सुरू व्हायचा आणि संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत ठोकत राहायचा. धडे घरून येत राहिले; मोडेम चिरकला की एखादी बाई ओरडायची, "ताईंचा आला!" ठोकता ठोकता मशीन थांब म्हणायचे, कॉम्प्युटर थांबायचा; चल म्हणायचे, चालायचा. वाचून वाचून मावशीची बोटे लाल झाली. "बोटांना घाम फुटायचा राहिलाय," ती म्हणाली आणि पुढचे पान ओढले.

शाळा उघडली त्या दिवशी गणिताचे एक छापील पुस्तक ब्रेलचे नऊ जाडजूड खंड होऊन मुख्याध्यापिकांच्या टेबलावर उभे राहिले. टेबलावर दुसरे काही मावेना. बाईंनी ते सगळे एकदा नजरेखालून घातले. गणिताचे सर छापील प्रत हातात धरून भिंतीशी उभे होते.

बाईंनी सातवा खंड ओढला. पहिली पाने उघडली नाहीत. धड्याच्या मध्यावर नाही, जवळजवळ शेवटाला उघडला आणि ठिपकीचा हात धरून कागदावर ठेवला. "इथून."

वडिलांनी आईकडे पाहिले. हीच ती जागा, जिथे पूर्वी सगळे सांडायचे.

ठिपकी वाचू लागली. "कंस सुरू. दोन य वजा तीन. कंस पुरा, वर्ग. वजा कंस सुरू…" एक ओळ, दोन ओळी, तीन. सरांची पेन्सिल छापील ओळीखालून सरकत होती. त्यांनी पान उलटले, तिने उलटले. उदाहरण संपले तेव्हा सर बाईंकडे पाहून एवढेच म्हणाले, "तंतोतंत."

"आता सोडव."

तिने तोंडीच सोडवायला घेतले. मध्ये एकदा अडली, तीन ओळी वर जाऊन एक चिन्ह बोटाने पुन्हा पाहिले, "वजा आहे, बरोबर," असे स्वतःशी म्हणाली आणि उत्तरापर्यंत पोचली. सरांनी मान डोलावली. मग तिला दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाले, "बरोबर आहे."

"एक राहिलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पुस्तक घरी वाचशील. वर्गात काय? सर भरभर सांगतात."

"सवय आहे माझी," सर म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, पश्चात्तापही नव्हता.

"सांगा ना," ठिपकी म्हणाली. तिने पिशवीतून ब्रेलची पाटी काढली, कागद अडकवला, टोचणी हातात घेतली.

सरांनी एक सिद्धता सांगायला सुरुवात केली. खरोखरच भरभर. टोचणी टकटक करत पळू लागली. दोन वाक्ये, तीन, चार. ठिपकीने डावा हात वर केला.

"थांबा."

सर वाक्याच्या मध्येच थांबले. टोचणी एकटीच टकटकत राहिली. मग हात खाली आला. "हं. चला."

असे आणखी तीनदा झाले. शेवटी तिने कागद उलटला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सरांची सिद्धता सरांना परत ऐकवली. मधल्या एका वाक्यात ते "आपलं हे" म्हणाले होते, तेही.

सरांनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. "मला आजवर कुणी थांबवलं नव्हतं."

"मग सगळ्यांपर्यंत सगळं पोचत होतं का, सर?" ठिपकीने विचारले. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

मावशीने ओठ घट्ट मिटून हसू आवरले.

"याचं उत्तर मलाही हवंय, सर," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पण नंतर." मग ठिपकीकडे वळून म्हणाल्या, "गणित तुझं. उद्यापासून पहिल्या बाकावर बसायचं."

"मला पहिल्या आणि शेवटच्या बाकात काय फरक, बाई?"

"तुला नाही. सरांना. तुझा हात दिसला पाहिजे."

बाहेर पडवीत आल्यावर मावशीने आधी भाचीला आणि मग, हाताला लागली म्हणून, बहिणीला मिठी मारली. वडील नऊ खंडांचे ओझे दोन्ही हातांत धरून उभे होते.

"हे वर्गात ठेवून येऊ का?" त्यांनी विचारले, आणि जागचे हलले नाहीत.

आईने त्यांच्याकडे पाहिले. "विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

"मग थांबा जरा," आई म्हणाली. "मला डोळे पुसू द्या. मग आपण सगळेच जाऊ."

ते थांबले.